राहून गेलेला डोस : दोष आईचा की नोंदवहीचा?

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांच्या लसीकरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. लोक अडाणी आहेत, पहिली लस टोचून घेतात आणि पुढच्या डोसाला फिरकत नाहीत, असे ते वाक्य. आढावा बैठकांतून ते म्हटले जाते, शहरातील दवाखान्यांतून म्हटले जाते, आणि खेदाची गोष्ट ही की, परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही ते बसून गेले आहे. या वाक्याचा उत्तरार्ध बराचसा खरा आहे. पूर्वार्ध मात्र तपासून पाहावयास हवा. जिने मुलाला बीसीजी टोचून घेतली, दीड महिन्याचे तान्हे मूल उराशी धरून जी आरोग्य उपकेंद्रापर्यंत चालत गेली, त्या आईचा लसीवर विश्वास नाही असे म्हणणे तर्काला धरून नाही. अविश्वास असता तर ती पहिल्यांदाही आली नसती. ती आली होती, आणि मग येईनाशी झाली. मधल्या काळात काय घडले, हा खरा प्रश्न आहे.

मुलाचे नाव शाळेत न घालणे वेगळे आणि चौथीनंतर त्याची शाळा सुटणे वेगळे, हे कार्यकर्त्यांना समजावून सांगावे लागत नाही. पहिल्याला नकार म्हणता येईल, दुसऱ्याला गळती म्हणतात, आणि गळतीची कारणे घराच्या चुलीपाशी व शेताच्या बांधावर शोधावी लागतात. लसीकरणातही हाच भेद आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील एक ते दोन वर्षे वयाच्या १०० मुलांपैकी ९५ मुलांना बीसीजी मिळालेली होती. त्रिगुणी अथवा पेंटाव्हॅलंट लसीच्या तिसऱ्या डोसापर्यंत सुमारे ८७ मुले पोचली, गोवराच्या पहिल्या डोसापर्यंत ८८. सर्व मूलभूत डोस पूर्ण झालेली मुले मात्र ७६ च होती. महाराष्ट्राचा हा शेवटचा आकडा ७३.५ होता. स्वतःला पुरोगामी व प्रगत म्हणवणारे राज्य देशाच्या सरासरीच्याही खाली! त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, याच पाहणीच्या १९९८-९९ च्या फेरीत महाराष्ट्र ७८ टक्क्यांवर होता. २००५-०६ मध्ये तो ५९ वर आला, २०१५-१६ मध्ये ५६ वर, आणि त्यानंतर पुन्हा चढला. म्हणजे वीस वर्षे चालून राज्य जेथून निघाले होते त्याच्या थोडे अलीकडेच पोचले. या वीस वर्षांत साक्षरता वाढली, रस्ते वाढले, दूरदर्शन संच घरोघर आले. तरीही मधली घसरण झाली. तेव्हा सर्व दोष आयांच्या अडाणीपणावर टाकता येणार नाही.

या घसरणीचे एकच कारण दाखवणे धाडसाचे होईल. परंतु एक आक्षेप सार्वजनिक आरोग्याच्या अनेक अभ्यासकांनी घेतला आहे, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा सुरू झाल्या. त्या यशस्वी झाल्या; जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओच्या रानटी विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हे यश लहान नाही. परंतु मोहिमेच्या रविवारी सगळे मनुष्यबळ पणाला लागते, आणि दरमहाच्या साध्या सत्राला तेच मनुष्यबळ दमलेले वा दुसऱ्या कामाला जुंपलेले असते. शिवाय घरोघर येऊन थेंब पाजले गेल्यामुळे, 'डोस झाला' अशी अनेक पालकांची प्रामाणिक समजूत होते. कोणता डोस झाला आणि कोणता राहिला, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

येथे थोडे मागे जावे लागेल. देवीच्या रोगाविरुद्ध लसीकरणाचा कायदा इंग्रजांनी १८८० साली केला. 'देवी काढणारा' गावात आला की मुले लपवली जात, अशा आठवणी जुन्या पिढीकडून ऐकावयास मिळत. सक्ती होती, विरोधही होता, आणि तरी १९७७ साली भारत देवीमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या लसीचा एक गुण आज कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. ती टोचली की दंडावर कायमचा वण राहत असे. मूल गिरणगावात गेले काय किंवा गुहागरला परतले काय, त्याची नोंद त्याच्या दंडावर कोरलेली असे. टोचणाऱ्याने बाही वर करावी आणि पाहावे. कागदाची गरज नाही, नोंदवहीची नाही.

१९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला, १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर हे सगळे त्याच्या कक्षेत आले आणि पुढे आणखी लसींची भर पडली. पण बीसीजीचा वण सोडला तर यांतील कोणतीही लस अंगावर खूण ठेवत नाही. आता जन्मवेळ, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने आणि पाच ते सहा वर्षे अशा सात वेळा मुलाला आणावे लागते. कोणत्या वेळी काय झाले याचा सारा पुरावा एका कार्डावर आणि उपकेंद्रातील एका वहीत असतो. देहावरची नोंद कागदावर आली. देह माणसाबरोबर फिरतो. वही मात्र कपाटात राहते. आणि रत्नागिरी जिल्हा हा तर पिढ्यान्‌पिढ्या फिरत्या माणसांचा जिल्हा आहे.

२००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. उभा महाराष्ट्र वाढत असताना रत्नागिरी घटली. त्या वर्षी येथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. स्त्रियांना येथे अधिक मान आहे असा याचा अर्थ नव्हे. कमावता पुरुष येथे राहत नाही, एवढाच आहे. गिरण्यांच्या काळात त्याच्या मनीऑर्डरवर घर चाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पण मुंबईची वाट बंद झाली नाही. चाकरमानी परळ-लालबागेतून उठला आणि दिवा, नालासोपारा, विरारला जाऊन राहिला, एवढाच फरक. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि ये-जा अधिक सुलभ झाली. येथील असंख्य कुटुंबांचे घर एक नाही, दोन आहेत, आणि मूल या दोन घरांच्या मधल्या वाटेवर वाढते.

आता या मुलाचे वेळापत्रक पाहावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. मुंबईला नांदणारी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात लांज्याच्या वा संगमेश्वरच्या माहेरी येते. बाळ येथे जन्मते, कार्ड येथे निघते, जन्मवेळचे डोस येथे होतात. दीड महिना, अडीच महिने हेही बहुधा येथेच होतात, कारण आजी घरात असते आणि आशाताई ओळखीची असते. साडेतीन महिन्यांच्या सुमारास सासरची माणसे न्यावयास येतात. पुढचा डोस नऊ महिन्यांचा. मध्ये पाच महिन्यांहून अधिक काळ कोणाचीही गाठ नाही. येथील वहीत 'बाहेरगावी गेले' असा शेरा पडतो आणि त्या शेऱ्याने प्रशासनाचे समाधान होते. तिकडे भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते. त्या वस्तीतील आरोग्यसेविकेच्या यादीत हे मूल कधी चढलेलेच नसते, कारण यादी होते ती गरोदर बाईची नोंद झाल्यापासून, आणि गरोदरपण तर माहेरच्या वहीत पूर्ण झाले. एका वहीतून नाव उतरले, दुसरीत चढले नाही. आईने नकार दिला नाही, नर्सने हयगय केली नाही, आणि तरीही गोवराचा डोस राहून गेला.

उलट दिशेची वाटही आहे. नवरा-बायको दोघेही कामाला जाऊ लागली की मूल वर्षा-दीड वर्षाचे झाल्यावर गावी आजी-आजोबांकडे ठेवले जाते. कार्ड मुंबईच्या ट्रंकेत राहते. आजी बाळाला घेऊन अंगणवाडीत येते तेव्हा 'कार्ड आणा' असे तिला सांगितले जाते. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात चाकरमान्यांचे लोंढे मुलाबाळांसह या जिल्ह्यात उतरले आणि शाळांतून अलग ठेवले गेले. आधीच कित्येक ठिकाणी नियमित सत्रे थांबली होती, त्यात या मुलांच्या नोंदी दीडशे कोसांवर! जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची घरे उघडी केली, जुलै २०२१ च्या पुराने चिपळूण बुडवले. ज्या घरातून धान्याचे पिंपही वाचले नाही, तेथे लसीच्या कार्डाची चौकशी कोण करणार?

जे येथून जातात त्यांच्याइतकेच जे येथे येतात त्यांच्याकडेही पाहावयास हवे, किंबहुना अधिकच. आंबा-काजूच्या बागांची राखण करावयास नेपाळी कुटुंबे येतात आणि हंगाम संपला की निघून जातात. जांभ्या दगडाच्या चिरेखाणींवर कर्नाटकातील मजूर सहकुटुंब राबतात. मिरकरवाडा, हर्णै या बंदरांत परप्रांतीय खलाशी असतात. बागेतील खोपटात वा खाणीच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे मूल आहे, ते कोणत्या अंगणवाडीचे? ग्रामपंचायत त्याला आपले मानत नाही. बागाईतदाराला झाडावरच्या फळांचा हिशेब ठाऊक असतो, राखणदाराच्या पोरांचा नसतो. स्थानिक माणसाच्या हक्कासाठी आवाज उठवणाऱ्या पुढाऱ्यांनाही ही मुले दिसत नाहीत, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे.

गावात राहणाऱ्या मुलाचे तरी डोस सुखासुखी होतात काय? माघ-फाल्गुनात, फेब्रुवारीत जन्मलेले मूल घ्यावे. ते नऊ महिन्यांचे होते नोव्हेंबरात. तेव्हा भाताची कापणी व झोडणी असते. सोळा महिन्यांचे होते पुढच्या जूनमध्ये. तेव्हा पेरणी होऊन लावणीची लगबग लागलेली असते, पऱ्ये भरून वाहतात, साकव निसरडे होतात आणि सड्यावरची किंवा सह्याद्रीच्या कुशीतील धनगरवाडी उपकेंद्रापासून तुटते. लावणीच्या दिवसांत एक दिवस मोडणे म्हणजे काय, हे शेतात वाकलेल्या बाईलाच ठाऊक. त्यातून आदल्या डोसानंतर मूल दोन रात्री तापाने रडलेले असते. त्रिगुणी घटक असलेल्या लसीनंतर थोडा ताप येणे, टोचलेली जागा दुखणे हे स्वाभाविक आहे. हे आधी सांगितले तर आई घाबरत नाही. न सांगितले तर घरातले वडीलधारे तिलाच बोल लावतात. कोणती लस दिली, कोणता त्रास होऊ शकेल व तो झाल्यास काय करावे, पुन्हा कधी यावे, कार्ड सांभाळून का ठेवावे, या चार गोष्टी प्रत्येक आईला सांगाव्यात असा कार्यक्रमाचाच नियम आहे. चाळीस बाया रांगेत असताना एका नर्सने त्या कशा सांगाव्यात, याचा नियम मात्र नाही.

आणखी एक कारण आहे, ते बाहेरून दिसत नाही. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची लस कुपीत पूड म्हणून येते. ती पातळ केल्यावर चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. कुपी अनेक डोसांची असते. एका मुलासाठीही ती उघडावी, असा स्पष्ट आदेश आहे. परंतु लस किती वाया गेली याचाही हिशेब वर द्यावा लागतो. ज्या जिल्ह्यातील वाड्या रिकाम्या होत चालल्या आहेत, जेथे एका सत्राला त्या वयाचे एखाद-दुसरेच मूल असते, तेथे 'पुढच्या महिन्यात या, चार मुले जमू देत' असे म्हणण्याचा मोह होतो. दोन मैल चालून आलेली बाई एकदा परत गेली की पुढच्या महिन्यात येईलच असे नाही. किरकोळ सर्दीपडशासाठी मूल परत पाठवले जाते, तेही असेच अनाठायी; साधी सर्दी वा हलका ताप हे डोस टाळण्याचे कारण नाही. जानेवारी २००८ मध्ये केंद्र सरकारने कसौली, कुन्नूर व गिंडी येथील सार्वजनिक लसकारखान्यांचे परवाने निलंबित केले. २०१० मध्ये निलंबन मागे घेतले गेले, पण मधल्या काळात देशाला लागणाऱ्या जुन्या, स्वस्त लसींचा पुरवठा खासगी उत्पादकांच्या मर्जीवर सोडला गेला. लस नाही म्हणून परत जाणाऱ्या आईचीही गणना शेवटी 'न आलेल्यां'तच होते.

या साऱ्या व्यवस्थेचा भार कोणाच्या शिरावर आहे? आशाताईच्या. तिला कामगार म्हणून पगार नाही, लसीकरणासारख्या कामांचा मोबदला नगावर आहे. पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाले तर १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचे झाले तर ७५ रुपये, असा केंद्राचा दर ठरवण्यात आला होता. मूल मुंबईला गेले की ते पैसेही गेले. मग त्या मुलाचा माग काढण्यासाठी तिने स्वतःच्या खर्चाने फोन का करावा? जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, तेव्हा वृत्तपत्रांतून रुग्णांच्या गैरसोयीची चर्चा झाली. नगावर मोल ठरवलेल्या कामात मुलांचा पाठपुरावा कसा व्हावा, याची झाली नाही.

हीच तऱ्हा आईला मिळणाऱ्या साहाय्याची. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा शेवटचा हप्ता लसींच्या पहिल्या फेरीशी, म्हणजे साडेतीन महिन्यांपर्यंतच्या डोसांशी जोडलेला आहे. त्यानंतर राज्यसंस्था आईचा निरोप घेते. गळतीला जेथे सुरुवात होते, नेमके तेथेच साहाय्य संपते. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची रजा आहे. शेतमजूर, धुणीभांडी करणारी, काजूच्या कारखान्यात रोजाने बसणारी स्त्री त्या कायद्याच्या लाभाबाहेरच राहते. तिच्यासाठी प्रत्येक डोस म्हणजे एक बुडालेला रोज. लस फुकट आहे हे खरे, पण तिच्यापर्यंत पोचणे फुकट नाही.

राहिलेल्या डोसाची किंमत कोण देते, हे २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईने पाहिले. गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, भिवंडी व मालेगावपर्यंत पसरली आणि बालके दगावली. लागण झालेल्यांत लस न घेतलेली व अर्धवट घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी दुसरा डोस आहे. गोवर इतका सांसर्गिक आहे की समाजात ९५ टक्के मुले सुरक्षित असल्याखेरीज त्याची साखळी तुटत नाही. त्रिगुणी लसीचे संरक्षणही काळाबरोबर ओसरते, म्हणून दीड वर्षाचा व पाच वर्षांचा डोस. हे चुकले की घटसर्प शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांना गाठतो.

कार्यकर्त्यांनी करावयाच्या कामांपैकी पहिले काम एक गैरसमज दूर करण्याचे आहे. वेळ टळली, आता सगळे पहिल्यापासून करावे लागेल किंवा आता काही उपयोग नाही, असे मानून अनेक आया लाजेने येत नाहीत. हे खरे नाही. जेथे थांबले तेथून पुढे सुरू करता येते. झालेले डोस वाया जात नाहीत. गोवर-रुबेला व पोलिओचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत, त्रिगुणीचे सात वर्षांपर्यंत देता येतात. बीसीजीला मात्र एक वर्षाची मर्यादा आहे. कार्ड हरवले म्हणून मुलाला परत पाठवणे चूक आहे, आणि तसे घडल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करावयास हवी.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. यू-विन नावाची संगणकीय नोंद आता आली आहे, तिच्यामुळे मुलाची माहिती कोठेही पाहता येईल अशी योजना आहे. तिचे स्वागत करावे. परंतु नोंद फिरू लागली तरी घरी जाऊन दार वाजवावयास माणूसच लागतो, आणि त्या नोंदीला जोडलेला दूरध्वनी बहुधा मुंबईत असलेल्या नवऱ्याच्या खिशात असतो. 'बाहेरगावी गेले' हा शेरा मारताना कोठे गेले, कोणाकडे, हे लिहिण्याची आणि त्या वस्तीच्या आरोग्य केंद्राला कळवण्याची सक्ती जिल्हा परिषदेने करावी. त्या कामाचा मोबदला आशाताईला मिळावा, मूल कोठेही जाऊन डोस पूर्ण करो. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे वाडीवाडीची आहेत, त्यांच्याकडे वर्गणीच्या पक्क्या याद्या असतात. कोणत्या खोलीत कोणाचे मूल आहे हे पालिकेला ठाऊक नसेल, मंडळाच्या चिटणीसाला नक्की ठाऊक असते.

आणि गौरी-गणपती व शिमगा. या दोन सणांना जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक वाडीत मुंबईची मुले आलेली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सत्रे सुट्टीमुळे मागेपुढे होतात. गणपतीच्या आधीच्या ग्रामसभेत ठराव करून, सणाच्या आठवड्यात एक दिवस अंगणवाडीत सत्र लावण्याची मागणी प्रत्येक शाखेने लेखी द्यावी. येताना मुलाचे कार्ड घेऊन या, असा निरोप मुंबईला आषाढातच गेला पाहिजे. चिरेखाणी व बागा यांची यादी तलाठ्याकडे व ग्रामपंचायतीकडे असते. ती घेऊन दिवाळीनंतर, राखणदारांची कुटुंबे आली की, नर्सबरोबर एक फेरी करावी. या फेरीला वाहन लागेल. ते प्राथमिक आरोग्य केंद्राकडे नसल्यास बागाईतदाराने द्यावे.